परतीची वाट दिग्रसपर्यंत का पोहोचत नाही

परदेशात पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या माणसाच्या घरात मायदेशी परतण्याचा विचार साधारणपणे दोन वेळा जोर धरतो, एकदा मुले शाळेत जाऊ लागण्याच्या सुमारास आणि पुन्हा एकदा आईवडील थकल्यावर. मधल्या काळात तो विचार संपत नाही, त्यावर बोलणे तेवढे टळत राहते. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांपुढे मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. पुण्या-मुंबईचा माणूस परततो तेव्हा तो बहुधा ज्या शहरातून निघाला त्याच शहरात परततो. दिग्रसचा माणूस परततो तेव्हा तो पुण्यात, फार तर नागपुरात येऊन थांबतो, आणि ज्या आईवडिलांसाठी परतायचे ठरवले ते ट्रॅव्हल्सच्या एका रात्रीच्या प्रवासाइतके लांबच राहतात. दीर्घकाळ बाहेर राहिलेली माणसे परतण्याचा विचार का करतात, हे समजून घेताना हा अर्ध्यावर थांबणारा परतीचा प्रवासही समजून घ्यावा लागतो.

स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या राव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्येच दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. माणसे सहसा एका झेपेत दूर जात नाहीत, टप्प्याटप्प्याने जातात, ही पहिली. आणि स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर उलट दिशेचा एक प्रवाहही निर्माण होतो, ही दुसरी. दिग्रसच्या तरुणाचा मार्ग पाहिला तर पहिली नोंद आजही तंतोतंत लागू पडते. बारावीनंतर पुसद, यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालय, तेथून पुण्यातील हिंजवडी किंवा खराडीची कंपनी, आणि त्याच कंपनीमार्फत ‘ऑनसाइट’ म्हणून अमेरिका, इंग्लंड किंवा जर्मनी असा हा रस्ता आहे. प्रत्येक टप्प्यावर माणूस काहीतरी मागे ठेवून पुढे जातो, आणि पुण्याच्या टप्प्यावर तो बहुधा कर्ज काढून घेतलेला फ्लॅट मागे ठेवतो. परतीचा विचार सुरू झाला की हा फ्लॅट, कंपनीचे पुण्यातील कार्यालय, मुलांना मानवेल अशी शाळा आणि एव्हाना तेथेच स्थिरावलेले भाऊबंद त्याला शेवटच्या भारतीय टप्प्यावरच थांबवतात.

परत येणे म्हणजे परदेशात न जमणे, हा समज आपल्याकडे अजून खोलवर आहे आणि त्याला वस्तुस्थितीचा आधार फारसा नाही. विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००८ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, देश आणि काळ यांप्रमाणे फरक पडत असला तरी, येणाऱ्या स्थलांतरितांपैकी २० ते ५० टक्के लोक पहिल्या पाच वर्षांतच तो देश सोडतात. त्यांतले काही मायदेशी जातात, काही तिसऱ्याच देशात. अमेरिकेतून परतलेल्या इटालियन लोकांचा अभ्यास करून फ्रांचेस्को चेराझे या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये परतीचे चार प्रकार सांगितले : नव्या देशात रुजता न आल्यामुळे परतणे, पैसा साठवून गावाकडे जमीन घेण्याच्या जुन्याच उद्देशाने परतणे, आयुष्याची संध्याकाळ घालवण्यासाठी परतणे, आणि शिकलेले काही नवे गावात रुजवण्यासाठी परतणे. यांतला केवळ पहिला प्रकार अपयशाचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या दृष्टीने तर परतणे हेच यश असते, कारण तो गेला होता तो ठरावीक रक्कम साठेपर्यंतच. कोकणातून आखाती देशांत गेलेल्या कित्येक पिढ्या याच हिशेबावर जगल्या. तेथे नागरिकत्व जवळजवळ मिळतच नाही आणि राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो, त्यामुळे परतायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही, केवळ कधी एवढेच ठरायचे असते.

चौथ्या प्रकाराचे एक ठळक उदाहरण विदर्भातच आहे, आणि ते जितके परिचित असायला हवे तितके नाही. वर्धा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून अमेरिकेला गेले, शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाले, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात लढले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतकी शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. एवढा मान मिळूनही मायदेशी येण्याची त्यांची ओढ कमी झाली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावरही ब्रिटिश अमदानीतील काळ्या यादीवरचे त्यांचे नाव तत्काळ पुसले गेले नव्हते. १९४९ मध्ये ते शेतीविषयक सल्ल्याच्या कामासाठी नागपूरला आले. त्या काळी यवतमाळ जिल्ह्याचा कारभारही याच नागपूर राजधानीतून चाले. पुढे पन्नासच्या दशकात ते सहकुटुंब नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. मेक्सिकोच्या शेतीला ज्याने इतके दिले, त्याच्या ज्ञानाचा वऱ्हाडाच्या शेतीला म्हणावा तसा उपयोग झाला नाही, ही बोचरी गोष्ट आहे. आणि चेराझे यांचा निष्कर्षही याच अंगाने जातो, की काही नवे करण्यासाठी परतलेल्या माणसाची इच्छा कितीही प्रबळ असली तरी गावातली सत्तेची आणि जमिनीची जुनी घडी त्याला सहसा पुढे सरकू देत नाही.

खानखोजे यांच्या कथेतील आणखी एक बाजू आजच्या पालकांनी नीट पाहावी अशी आहे. त्यांची पत्नी बेल्जियन होती आणि मुली मेक्सिकोत वाढल्या. खानखोजे यांच्यासाठी नागपूर म्हणजे परतणे होते. मुलींसाठी ते स्वतःचा देश सोडून परदेशी जाणे होते. आज न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हेच घडते, आणि ‘आपण घरी चाललो आहोत’ हे आईवडिलांचे वाक्य त्याला लागू पडत नाही. म्हणूनच बहुतेक कुटुंबे हा निर्णय मूल सात-आठ वर्षांचे होण्याच्या आत घेऊ पाहतात. त्यानंतर मित्र, भाषा आणि अभ्यासक्रम यांची मुळे घट्ट होतात. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने स्वागतार्ह असली तरी देवनागरी न गिरवलेल्या बारा वर्षांच्या मुलाला ती जड जाते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांत जे मूल नियमित गेले त्याची वाट त्या मानाने सोपी असते. उच्च शिक्षणाचा प्रश्न आणखी अवघड आहे. जन्माने अमेरिकी असलेल्या मुलाकडे बहुधा ओसीआय, म्हणजे ‘भारताबाहेरील भारतीय नागरिक’ असे नाव असलेले परंतु प्रत्यक्षात नागरिकत्व न देणारे कार्ड असते, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर हे कार्ड घेतलेल्यांना वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांतून अनिवासी भारतीयांसाठीच्या किंवा अशाच जादा जागांवर दावा सांगता येतो, भारतीय नागरिकांसाठीच्या सर्वसाधारण जागांवर नाही. परतण्याची तारीख ठरवण्याआधी ही बाब समजून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील कागदपत्रांची अनिश्चितता हे अलीकडच्या काळातील परतीच्या विचाराचे मोठे कारण आहे. एच-१बी हा कुशल नोकरदारांचा तात्पुरता परवाना मुळात सहा वर्षांचा. कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर तो वाढत राहतो. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि त्यांतली ७ टक्क्यांहून अधिक एका देशात जन्मलेल्यांना सहसा मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. भारतात जन्मून लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल या रांगेतच एकवीस वर्षांचे झाले तर आईवडिलांच्या परवान्यावर राहण्याचा त्याचा हक्क संपतो. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा ज्यांना ते लागू नव्हते अशा घरांतही परतीचा विषय निघाला, कारण नियम एका रात्रीत बदलू शकतो हे उघड झाले. वीस वर्षे कर भरून, घर घेऊन, मुलांना वाढवूनही आपले राहणे नोकरीच्या एका पत्रावर अवलंबून आहे ही जाणीव माणसाला आतून थकवते.

असे असले तरी परतणाऱ्यांच्या मनाचा तळ शोधला तर तेथे बहुतेक वेळा आईवडीलच सापडतात. दिग्रसमध्ये सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. वडिलांचा फोन त्याच वेळी येतो, पाऊस कसा आहे, सोयाबीनचा आणि कापसाचा भाव काय निघाला हे सांगून होते, आणि प्रकृतीचा विषय ‘बरी आहे’ या दोन शब्दांत आटोपला जातो. खरी अवस्था शेजाऱ्याकडून किंवा औषधाच्या दुकानदाराकडून कळते. आईवडिलांनाच तिकडे न्यावे, हा उपाय बोलायला सोपा आहे. अमेरिकी नागरिक झालेल्या मुलाला आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ग्रीन कार्डधारकाला तेवढाही अधिकार नाही. ब्रिटनने २०१२ पासून वृद्ध आईवडिलांना आणण्याचे नियम इतके कडक केले आहेत की फार थोड्यांना ते जमते. कागद जमले तरी माणूस रमेलच असे नाही. ज्याने उभे आयुष्य पहाटे शेतावर चक्कर, दुपारी बाजार समिती आणि संध्याकाळी चौकातल्या ओळखीच्या दुकानाचा ओटा यांत घालवले, त्याला मोटार चालवता आल्याशिवाय घराबाहेर पडता न येणाऱ्या उपनगरात सहा महिने काढणे ही शिक्षा वाटते. भारतातून घेतलेला प्रवासी विमा जुन्या आजारांना सहसा पुरत नाही, ही काळजी वेगळीच.

यामुळे पुष्कळ कुटुंबांत निर्णय पुढे ढकलला जातो. ब्रिटनमधील पाकिस्तानी वस्तीचा अभ्यास करून मुहम्मद अन्वर यांनी १९७९ मध्ये या अवस्थेला परतीचे मिथक म्हटले : माणूस आज ना उद्या परतणारच या भावनेवर जगतो, गावाकडे पैसे पाठवतो, घरावर मजला चढवतो, आणि प्रत्यक्षात दरवर्षी परदेशात थोडा अधिक रुजत जातो. या मिथकाला हसण्याचे कारण नाही, कारण परक्या ठिकाणी माणसाला उभे ठेवण्याचे काम ते करते. परंतु त्याची किंमत आईवडील मोजतात. नागपूरच्या विमानतळावर उतरल्यानंतरही दिग्रस दोनशे किलोमीटरहून दूर आहे. निरोप मिळाल्यावर निघालेला मुलगा अनेकदा अंत्यविधीनंतरच पोहोचतो, आणि ज्यासाठी परतायचे होते ते कारणच संपल्यावर परतीचा विषय घरातून निघून जातो.

भावनेच्या या बाजूबरोबर जमिनीची बाजूही पाहावी लागते, कारण दिग्रस तालुक्यातील कुटुंबाचा गावाशी उरलेला शेवटचा कायदेशीर धागा बहुधा सातबाराच असतो. सातबारा म्हणजे जमिनीचा मालक आणि तीवरील पीक दाखवणारा महसुली उतारा. वडिलांच्या निधनानंतर जमीन वारसांना मिळते ती कायद्याने, पण उताऱ्यावर नाव लागते ते वारसनोंदीने. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार असा हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि मगच नावे उताऱ्यावर चढतात. परदेशातला मुलगा तेराव्यानंतर लगेच परत जातो, मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती अर्धवट राहते, आणि दहा वर्षांनी परतायचे ठरते तेव्हा उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव असते. आता ई-हक्क प्रणालीतून वारसनोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही घरबसल्या मिळतो; तरीही बहिणींची नावे, चुलत्यांची हिस्सेवाटणी आणि बांधाचे वाद पडद्यावर मिटत नाहीत.

नागरिकत्वाचा प्रश्न येथे थेट जमिनीला येऊन भिडतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे अमेरिकी पारपत्र घेणाऱ्याला भारतीय नागरिकत्व सोडावे लागते. २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी ते सोडल्याची माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली आहे. ओसीआय कार्डधारकाला वडिलोपार्जित शेतजमीन वारसाने मिळू शकते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि मतदानाचा हक्कही उरत नाही. शिवाय शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, असे बंधन विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळकायद्यातही आहे, म्हणून भारतीय नागरिक राहिलेल्याने देखील घाईने वडिलांचे शेवटचे शेत विकले तर पुढे पुन्हा शेत घेताना अडचण येऊ शकते. पैशाच्या बाबतीत मात्र कायदा परतणाऱ्याशी बराच समजुतीने वागतो. परदेशात राहत असताना कमावलेली मालमत्ता परतल्यावरही तिकडेच ठेवण्याची मुभा परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात आहे, आणि दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्याला प्राप्तिकर कायदा सुरुवातीची साधारण दोन ते तीन वर्षे ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा देतो, ज्यामुळे त्याच्या परदेशातील उत्पन्नावर त्या काळात भारतात सहसा कर लागत नाही.

परतणे नेहमी टिकतेच असेही नाही. कोकणातले मराठी भाषक बेने इस्रायल १९४८ नंतर इस्रायलला गेले. तेथील वागणुकीने दुखावलेल्या त्यांच्यातील काही कुटुंबांनी धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना खरोखरच विमानाने परत आणले गेले. मात्र काही काळातच त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली, कारण मागे ठेवलेले घर, काम आणि शेजार तसेच थांबून राहिलेले नव्हते. मायदेशी आल्यावर बसणाऱ्या या धक्क्याचा अभ्यास पुढे गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये मांडला. परक्या देशात जाताना माणूस अडचणींची तयारी ठेवून जातो, घरी येताना ठेवत नाही, म्हणून घरचा धक्का अधिक लागतो, असे त्याचे सार सांगता येईल.

परतणे टिकते ते कोणाचे, याचे उत्तर कासारिनो या अभ्यासकाने २००४ मध्ये पूर्वतयारी या कल्पनेतून दिले : परतण्याची इच्छा स्वतःची असावी लागते आणि त्यासाठी लागणारी माणसे, पैसा व माहिती आधी जमवावी लागते. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमधील पंधरा वर्षांनंतर १९७२ मध्ये परतले तेव्हा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांच्यासाठी होती; डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडहून आले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. या दोघांची देशनिष्ठा मोठी होतीच, परंतु त्यांना सामावून घेणारी जागाही तयार होती, हे विसरता कामा नये.

दिग्रसमध्ये अशी जागा आज कोणती आहे, हा प्रश्न टाळून परतीची चर्चा पूर्ण होत नाही. कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा तालुका आहे, अरुणावती धरण जवळ आहे, बाजारपेठ जुनी आहे. पण हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला दारव्ह्यामार्गे यवतमाळला किंवा थेट नागपूरला न्यावे लागते. इंग्रज काळातली शकुंतला ही रेल्वेगाडी दारव्ह्यावरून जायची. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर दिग्रस आहे, त्यातला वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पुढचे काम अद्याप पूर्ण व्हायचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या कंपन्यांतले कितीतरी तरुण आपापल्या गावांतून काम करत होते आणि ते काम होऊ शकते हे सिद्ध झाले, परंतु कार्यालये उघडल्यावर कंपन्यांनी त्यांना परत बोलावले. रेल्वे, खात्रीची वीज व इंटरनेट, आणि रात्री-अपरात्री सापडणारा हृदयरोगतज्ज्ञ या तीन गोष्टी तालुक्याच्या गावाला मिळाल्या, तर परतणाऱ्यांपैकी निदान काहींचा मुक्काम पुण्याऐवजी गावी पडेल. त्या मिळाल्या नाहीत, तर दिग्रसच्या वाट्याला सुट्टीतले पाहुणेच येतील.

हे सारे होईपर्यंत कुटुंबांच्या हाती जे आहे ते तरी वेळेवर व्हावे. यंदा दिवाळीला किंवा उन्हाळ्यात जी मुले घरी येतील त्यांनी दोन दिवस या कामासाठी राखून ठेवावेत : सातबारा काढून पाहावा, राहिलेल्या वारसनोंदीचा अर्ज करावा, आईवडिलांच्या औषधांची आणि डॉक्टरांची यादी लिहून शेजारी कोणाकडे तरी द्यावी, आणि ‘आम्ही कुठे राहिलो तर तुम्हाला बरे वाटेल’ हे आईवडिलांनाच समोर बसून विचारावे. पुणे, नागपूर की दिग्रस, हा निर्णय त्यांचे उत्तर ऐकल्याशिवाय घेऊ नये.